अपुरी मात्रा

अठ्ठावन्न सालच्या मार्गशीर्षातला एक रविवार. अकोल्यातल्या ढोरांच्या दवाखान्यामागे फरशी घातलेली एक लांबट पडवी होती आणि तिथे आम्ही चौघे हजर होतो: डॉक्टर गावंडे, त्यांचे कंपाउंडर हबीबभाई, माझी पत्नी कमल आणि मी. पाचवा खारक्या, आमचा कुत्रा, ज्याच्यासाठी आम्ही अमरावतीहून पहिली गाडी धरून आलो होतो. ऊन अजून कोवळं होतं. पत्र्याच्या कडेवरून तिरपं उतरून ते फरशीवर एका पिवळ्या पट्ट्यासारखं पडलं होतं, आणि बाहेरच्या रस्त्याने कापसाच्या गाड्या जिनाकडे निघाल्या होत्या. मला वाटलं होतं, डॉक्टर आधी कुत्र्याकडे पाहतील. त्यांनी डोळे मिटले. भिंतीला पाठ टेकली, एक बोट वर केलं, आणि हबीबभाई दोरी धरून खारक्याला पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालवू लागले. नखं फरशीवर वाजत होती. तीन ठोके स्वच्छ पडत. चौथ्याला मात्र बारीक खरखर ऐकू येई, पाटीवरून पेन्सिल घसरल्यासारखी.

"मागचा डावा," डॉक्टर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले. "उचलत नाई, ओढून राह्यला."

डॉक्टरांची आठवण येते तेव्हा चेहऱ्याच्या आधी ते मिटलेले डोळे समोर येतात. मी कचेरीतला हिशेबनीस. दिसल्यावाचून आणि मोजल्यावाचून मी कशावर विश्वास ठेवत नाही. पण त्या माणसाने त्या दिवशी मला कानाने मोजायला शिकवलं.

ते उंच होते आणि खांद्यांत किंचित वाकलेले होते, आयुष्यभर आपल्यापेक्षा बुटक्या प्राण्यांशी बोलत आल्यामुळे आलेला तो बाक असावा. मोर्शीकडच्या संत्र्याच्या मळ्यात वाढलेले, त्यामुळे बोटांना सालीसारखा एक जाड, खरबरीत पोत होता. आणि तीच बोटं कुत्र्याच्या पाठीच्या मणक्यांवरून फिरू लागली की पोथीची जीर्ण पानं उलटावीत तशी हलकी होत. नोकरी सरकारी आणि बैलांसाठी. आठवड्याचे सहा दिवस बुळकांडीच्या लशी, सडलेले खूर, अडलेल्या गाई, आणि गाडीवानांच्या गलक्यावर चढणारा त्यांचा खडा आवाज. सातव्या दिवशी दवाखान्याला सुट्टी असे तेव्हा ते ही मागची पडवी उघडत. फिनेलचा वास तोच, पण आवाज निराळा. दर्यापूरचे एक वकील मान वाकडी झालेली मांजर टोपलीत घालून आणत. शेंदूरजनाघाटच्या एका फळांच्या व्यापाऱ्याची कुत्री दिवसभर उजवीकडेच गोल गोल फिरे; ते तिला कडेवर घेऊन बसमधून येत. ज्यांच्या नसांत आणि मेंदूत काही बिघडलं आहे अशा घरच्या जनावरांना आमच्या वऱ्हाडात तेवढं एकच दार होतं.

त्याबद्दल त्यांची थट्टाही होई. ढोरांचा डॉक्टर आता कुत्र्यांच्या डोक्यात शिरला, असं चहाच्या हॉटेलात म्हणत. हबीबभाई ते येऊन त्यांना सांगत, तेही रोग्यांच्या मालकांसमोर, आणि डॉक्टर चष्म्याला बांधलेला दोरा कानामागे सारत म्हणत, "बैल दुखलं तं लाथ मारते. मानूस दुखलं तं बोंबलते. ज्याची नसच गेली त्याले दुखतच नाई, मंग त्याची फिर्याद कोन करन?"

"तुमी करा," हबीबभाई म्हणत. "पगार बैलाचा खा अन् फिर्याद कुत्र्याची करा."

त्या सकाळी त्यांनी खारक्याला आणखी एका परीक्षेत उभं केलं. त्याचा मागचा डावा पंजा उचलून तो उलटा, म्हणजे पंजाची वरची बाजू फरशीला लागेल असा, टेकवला आणि हात काढून घेतला. निरोगी कुत्रं क्षणात पंजा सरळ करतं, असं त्यांनी आम्हाला सांगितलं. आपलं पाऊल कसं पडलं आहे याची खबर पायाकडून डोक्याकडे जाते आणि डोकं हुकूम सोडतं. आम्ही पाहत राहिलो. खारक्या कमलकडे पाहून शेपूट हलवत होता आणि त्याचा पंजा तसाच उलटा होता. मी मनात आकडे मोजत होतो. सात झाले तेव्हा पंजा वळला.

"सात," मी म्हणालो.

डॉक्टरांनी प्रथमच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी मोजून राह्यले होते? मंग आपलं जमन, भाऊ."

आम्हाला मूलबाळ नाही. हे मी एकदाच लिहितो, कारण त्यापुढचं सगळं त्यावर उभं आहे. खारक्या चार महिन्यांचा असताना कमलने त्याला दर्यापूरहून, माहेराहून, पिशवीत घालून आणलं होतं; सुक्या खारकेच्या रंगाचा म्हणून ते नाव. पुढे त्याला कुत्र्यांना येतो तो ताप आला, नाकाडोळ्यांतून पाणी गळू लागलं, आणि ताप उतरल्यावर झटके सुरू झाले. उभ्याउभ्या तो आडवा पडे, पाय सायकल मारल्यासारखे हलत, तोंडाला फेस येई. आठवड्यात कधी दोन, कधी तीन. शेजारी म्हणत, पिसाळला, नगरपालिकेला कळवा. कमल दाराला आतून कडी लावून बसे आणि म्हणे, माझ्या अंगावरून जाऊ द्या त्यांना. अशा दिवसांत कोणीतरी अकोल्याचं नाव सांगितलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं की हा पिसाळलेला नाही, तापाने मेंदूवर वळ उठवला आहे. वळ जाणार नाही, पण रोज दोन वेळा औषध पोटात गेलं तर झटके आवरतील. हबीबभाईंनी साठ पुड्या बांधल्या. पावडर कडू होती. पहिली पुडी दुधातून दिली ती खारक्याने तिथेच ओकून टाकली. तेव्हा डॉक्टर कमलला म्हणाले, "दुधात नोको, ताई. भाकरीच्या गोळीत घालून देजा." मी ते कागदावर उतरवून घेतलं, घरी आल्यावर सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिलं आणि चुलीजवळच्या भिंतीवर डकवलं: सकाळी एक पुडी, संध्याकाळी एक, भाकरीत.

मग पाच महिने आमच्या दोन घरांमध्ये एक कागद येत-जात राहिला. मी चौकटी आखून तक्ता केला होता: तारीख, झटक्याची वेळ, घड्याळाप्रमाणे किती मिनिटं, कोणत्या बाजूने सुरुवात, शुद्धीवर येऊन पाणी प्यायला किती वेळ. महिनाअखेरीला तो मी अकोल्याला धाडत असे आणि चौथ्या-पाचव्या दिवशी साठ पुड्यांच्या पार्सलासोबत तो परत येई, वर एक पोस्टकार्ड. डॉक्टरांचं अक्षर बैलगाडीच्या चाकोरीसारखं होतं, दोन ओळी समांतर आणि मध्ये मोकळी जागा. 'तक्ता उत्तम. आमच्या खात्यात असा माणूस नाही.' असं त्यांनी एकदा लिहिलं होतं, आणि मी ते कचेरीत दोघांना दाखवलं होतं.

सुधारणाही दिसत होती. आठवड्याला तीन झटके येत तिथे आता पंधरवड्याला एकच. पाच महिन्यांत दहा नोंदी. दोन झटक्यांमधलं अंतर मी काढलं: कधी चौदा दिवस, कधी पंधरा, एकदा सोळा, सरासरी पावणेपंधरा. कागदाच्या तळाशी ती सरासरी मी तांबड्या शाईने लिहिली होती. डॉक्टरांनी मात्रा थोडी वाढवली, तरी तो पंधरवड्याचा एक झटका गेला नाही. ते लिहीत, 'याचं कारण समजत नाही. पाहत राहा.' मी पाहत होतो. मी इंग्रजी तारखांकडे पाहत होतो.

कमल तिथी पाहत होती. अकोल्याहून परतल्यावर येणाऱ्या पहिल्याच एकादशीपासून तिने खारक्यासाठी व्रत धरलं होतं. महिन्याच्या दोन्ही एकादश्या, घरात धान्य शिजवायचं नाही. मला हे माहीत होतं. त्या दिवशी मी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊन कचेरीत जात असे. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की ज्याच्यासाठी उपास त्यानेही तो धरावा असं तिला वाटलं होतं. घरात भाकरी नाही, डॉक्टरांनी पुडी भाकरीत द्यायला सांगितलेली. मग त्या दिवसाच्या दोन पुड्या ती देव्हाऱ्यात ठेवी. आजचा दिवस तू सांभाळ, म्हणून. उपास सुटला की सकाळी त्या तुळशीच्या मुळाशी सोडी. महिन्याच्या साठ पुड्या महिन्यात संपत. माझा हिशेब कधी चुकला नाही.

वैशाखात लागोपाठ दोन दिवस एकादशी आली, स्मार्तांची एक आणि भागवतांची एक. आपली कोणती, याची तिला खात्री नव्हती. कमी पडू नये म्हणून तिने दोन्ही धरल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पहिला झटका आला. साडेसातला दुसरा. आठनंतर मधली शुद्ध यायचीच थांबली. एक संपायच्या आत पुढचा. मी तार करून आलो आणि पुन्हा घड्याळ घेऊन बसलो, कारण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं. कमल ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसत होती. ऊन दारातून आत सरकत आलं, उंबरा ओलांडून तिच्या मांडीपर्यंत पोचलं, तरी ती हलली नाही. बाहेर कडुलिंबाखाली वाळकी पानं गरम वाऱ्याने घसटत होती आणि प्रत्येक वेळी मला वाटे, कोणीतरी आलं.

डॉक्टर दोनच्या सुमाराला आले. बडनेऱ्याहून टांगा केला होता. अंगात दवाखान्यातलाच सदरा, बाहीवर कुठल्याशा बैलाचं वाळलेलं रक्त. आल्या आल्या ते जमिनीवर बसले, पुढच्या पायाची शीर शोधली आणि औषध इतक्या सावकाश सोडलं की मला ते थांबल्यासारखे वाटले. त्यांचे ओठ हलत होते. तेही मोजत होते. अडीच वाजता खारक्याचे पाय थांबले. घरात एकदम एवढी शांतता झाली, की शेजारच्या अंगणातला रहाटाचा आवाज माजघरात ऐकू आला.

ते हात धुवायला आत मोरीकडे गेले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आमचा देव्हारा आहे. त्या सकाळी कमलला तुळशीकडे जायला सवड झाली नव्हती. पितळेच्या वाटीत भगरीचा वाळलेला नैवेद्य होता आणि त्याशेजारी चार पुड्या, हबीबभाईंच्या घडीच्या, न उघडलेल्या.

बाहेर आले तेव्हा त्यांचे हात तसेच ओले होते. त्यांनी माझ्याकडे तक्ता मागितला आणि खुंटीवरची जुनं-नवं अशी दोन्ही पंचांगं स्वतःच उतरवून घेतली. दारातल्या उजेडात उभे राहून ते एक बोट तक्त्यावर आणि एक पंचांगावर ठेवत गेले. दहा वेळा बोटं हलली. मी त्यांच्या खांद्यामागून पाहत होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी मलाही दिसलं. प्रत्येक नोंद बारशीची किंवा तेरशीची. पाच महिने मी जो आकडा तांबड्या शाईने लिहीत होतो तो चंद्राच्या पंधरवड्याचा होता, आणि ही गोष्ट आमच्या गल्लीतल्या कोणत्याही बाईने न लिहिता सांगितली असती.

त्यांनी मला अंगणात नेलं.

"भाऊ, दोष तुमचा नाई अन् तिचा नाई. पंधरा दिवसांचं अंतर डोयापुढं होतं. मी शेतकऱ्याच्या घरचा, घरात माय एकादशी करे. मले काहून नाई सुचलं?" त्यांनी ओले हात सदऱ्याला पुसले. "औषध एकाएकी तुटलं की झटके उसळून येतात. हे मी सांगाले पायजे होतं. नाई सांगितलं."

"आता वाचेल?" मी विचारलं.

"श्वास हाय. बाकी किती उरलं ते दोन-तीन दिवसांनं समजन." मग त्यांनी आवाज खाली केला. "तिले हे सांगू नोका."

मी म्हणालो की खोटं बोलायची मला सवय नाही.

"मले बी नाई," ते म्हणाले. "म्हनून मीच बोलतो. तुमी फक्त गप राहा."

आत येऊन ते कमलसमोर उकिडवे बसले. ती खारक्याला पंख्याने वारा घालत होती. ते म्हणाले, "ताई, माही चूक झाली. पुडीत औषध कमी पडलं. मात्रा मी ठरवली, अन् ते अपुरी निघाली. तुमी केलं ते सारं बरोबर केलं." ती त्यांच्याकडे पाहत राहिली. बराच वेळ पाहत राहिली. मग तिने मान हलवली आणि पंखा पुन्हा हलू लागला. जाताना डॉक्टरांनी मला एवढंच सांगितलं की आता पुडी कशातही द्या, भगरीत द्या, केळ्यात द्या, पण एकही चुकू देऊ नका. हे त्यांनी मोठ्याने सांगितलं, वाढीव मात्रेची सूचना द्यावी तसं.

रविवारी ते पुन्हा आले, पडवी बंद ठेवून. खारक्या उभा राहू लागला होता, पण त्याला दिसत नव्हतं; भिंतीला नाक लागे तिथे तो थांबे आणि तसाच थांबून राही. कमलने हाक मारली तर कान हलत, मात्र तोंड कुठल्याही दिशेला वळे. डॉक्टरांनी त्याचा पंजा उचलून उलटा टेकवला. मी मोजू लागलो. वीस झाले, तीस झाले. चाळिसाच्या पुढे मी मोजणं सोडून दिलं, जे मी आयुष्यात फार थोड्या वेळा केलं आहे. डॉक्टरांनी वाकून तो पंजा आपल्या हाताने सरळ केला आणि त्यावर आपला तळवा तसाच ठेवून बसले, एखाद्या लहान मुलाला अक्षर गिरवायला लावून झाल्यावर हात सोडवत नाही तसे.

नवव्या दिवशी दुपारी खारक्या गेला. झटका आला नाही. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं आणि एका अंतरानंतर पुढचा श्वास आला नाही. कमल रडली नाही. तिने त्याचे चारही पाय नीट जुळवले.

तक्ता पुरा करून पाठवा, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. शेवटच्या चौकटीत कारण लिहायचं होतं. मी दोन दिवस दौत उघडी ठेवून बसलो. कचेरीत पैशाचाही खोटा आकडा मी कधी घातला नव्हता. शेवटी लिहिलं: मात्रा अपुरी. टपालाने तो कागद परत आला तेव्हा त्याखाली डॉक्टरांची सही होती, आणि सोबत कमलच्या नावाने एक निराळं पोस्टकार्ड. 'ताई, माझ्या अपुऱ्या ज्ञानाने तुमचं नुकसान झालं. क्षमा करावी.' ते तिने दोनदा वाचलं आणि धान्याच्या कोठीवरच्या डब्यात ठेवलं.

पुढेही मी अधूनमधून अकोल्याला जात असे, कचेरीच्या कामाने. आणि रविवार असला तर पडवीत डोकावत असे. ऊन तसंच तिरपं उतरे. डॉक्टर तसेच डोळे मिटून ऐकत. केस पांढरे झाले होते आणि खांद्यांचा बाक वाढला होता. एक गोष्ट मात्र नवी होती. तपासणी संपली, पुड्या बांधून झाल्या, की ते मालकाला जवळ बसवून विचारत, "घरात उपास कोनते कोनते असतात?" एकादशी, चतुर्थी, सोमवार, रोजे, पर्युषण, जे असेल ते एका वहीत उतरवून घेत. लोक गोंधळत. दर्यापूरच्या वकिलांनी तर एकदा हबीबभाईंना बाजूला घेऊन विचारलं, "डॉक्टर कीर्तन कराले लागले काय?"

"तसंच समजा," हबीबभाई म्हणाले. "मले बी विचारतात, रोजे किती झाले. बिमार कुत्र्यायपेक्षा माहीच फिकर जास्त."

मी तिथेच उभा होतो. डॉक्टरांची नजर माझ्याकडे वळली आणि लगेच वहीकडे गेली. त्या प्रश्नामागे काय आहे हे त्या पडवीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्याविषयी आम्ही पुन्हा कधीच बोललो नाही. किती कुत्री त्या प्रश्नामुळे वाचली याची नोंद कोणी ठेवलेली नाही. मी विचारलंही नाही.

अडुसष्टच्या पौषात हबीबभाईंचं कार्ड आलं. डॉक्टर निवृत्त होऊन मोर्शीकडे मळ्यात राहायला गेले होते. तिथेच, झाडांवर फळ असताना, झोपेत गेले. मी कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं. कमल तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले, सुपातले खडे एका बाजूला तसेच राहिले.

ती म्हणाली, "मात्रा अपुरी नव्हती."

नऊ वर्षं गप्प राहिल्यावर माणसाला लगेच तोंड उघडता येत नाही.

"त्या दिवशी ते हात धुवाले आत गेले न, मी दारातून त्यायलेच पाहून राह्यली होती. देव्हाऱ्यापुढं उभे राह्यले. पुड्यायकडं पाह्यलं. मंग भिंतीले हात लावून उभे राह्यले, ओल्या हातानं. तवाच समजलं मले."

"मग बोलली काहून नाहीस?" मी विचारलं.

"एवढा शिकलेला मानूस माह्यापुढं उकिडवा बसून माही चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यला. मी म्हनू, की नाई, आना इकडं?" तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्यायनं देलं, मी घेतलं. ठेवलं सांभाळून."

मला एक विचारायचं होतं. खारक्या गेल्यानंतरही तिने एकही एकादशी सोडली नव्हती, आणि त्यावरूनच मी समजत आलो होतो की तिला काहीच ठाऊक नाही. मी ते विचारलं.

"सोडली असती तं तुमाले समजलं असतं न, मले ठाऊक हाय म्हनून," ती म्हणाली. "तुमी त्यायले लिहिलं असतं. तुमच्यानं राहवलं नसतं. मंग त्यायचं देनं वाया गेलं असतं."

सुमारे सव्वादोनशे एकादश्या होतात. मी त्या मनात मोजल्या, आणि प्रत्येकीला ती माझ्यासमोर भगर वाढताना आठवली. दर वेळी त्या ताटापुढे तिला काय आठवत असेल ते मला एकदाही वाचता आलं नव्हतं. आम्ही तिघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट झाकून ठेवली होती आणि त्या झाकण्यालाच इतकी वर्षं आम्ही आपापल्या घरात शांतता म्हणत होतो. आता त्या तिघांतला एक नव्हता, आणि तो गेल्यावरच उरलेल्या दोघांना एकमेकांशी खरं बोलायची मोकळीक मिळाली होती. संध्याकाळचं ऊन सुपातल्या तांदळावरून उतरून गेलं. काळ माणूस घेऊन जातो, पण त्या माणसाने आपल्यावरून उचलून घेतलेलं ओझं तो परत आणून देत नाही. ते कुठे गेलं याचा शोध घेत आपण फक्त त्या माणसाची आठवण काढत राहतो.